जुनी विंचेस्टर १८७३: वापराची झीज आणि नंतरची छेडछाड यांत फरक कसा करावा?

प्रश्न: नवा_संग्राहक

नमस्कार. एका जुन्या संग्रहातून विंचेस्टर १८७३ ही लिव्हर-ॲक्शन (चापाखालची दांडी उघडून-मिटून काडतूस चढवणारी) रायफल माझ्याकडे आली आहे. तिची अवस्था नेमक्या शब्दांत कशी मांडावी, याबाबत जाणकारांचे मत हवे आहे. नळी अष्टकोनी आणि २४ इंच लांबीची असून काडतूस ४४-४० या मापाचे आहे. कारखान्यातील निळा मुलामा जवळजवळ उरलेला नाही. रिसीव्हरचा, म्हणजे यंत्रणा सामावणाऱ्या धातूच्या चौकटीचा, रंग राखाडी आणि तपकिरी यांच्या मधला झाला आहे. नळीवर मागच्या साइटच्या (नेम धरायच्या खुणेच्या) आसपास मात्र काळपट निळी झाक अजून दिसते. रिसीव्हरच्या माथ्यावरचे सरकते धूळझाकण नाही, फक्त ते ज्यावर सरकते ती पट्टी शिल्लक आहे. नळीवरचा कारखान्याचा न्यू हेवन (अमेरिका) येथील पत्ता आणि किंग यांच्या सुधारणेचा (पेटंटचा) उल्लेख वाचता येतो, पण ओळीच्या एका टोकाची अक्षरे फिकट आहेत.

दस्ता अक्रोडाचा आहे. रिसीव्हरमधून दस्त्यात शिरणाऱ्या वरच्या पोलादी पट्टीच्या मागे त्यात केसासारखी बारीक चीर आहे आणि लाकडाला नको तितकी चमक आहे. बाजूच्या पत्र्यांच्या स्क्रूची खाच फाटलेली आहे. लिव्हर बंद केल्यावरही थोडा खाली लोंबतो. नळीतून उजेडाकडे पाहिले तर आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खोबणी) ओळखू येतात, पण सगळे काळे दिसते.

माझे प्रश्न असे. ही झीज वर्षानुवर्षांच्या वापराची आहे की मधल्या काळात कोणी तिच्यावर हात चालवला आहे, हे कशावरून ठरवावे? यंत्रणेची तपासणी स्वतः कितपत करता येते? आणि ती स्वच्छ करावी की आहे तशीच ठेवावी? रायफल चालवण्याची मला घाई नाही, मात्र ती चालवण्याजोगी आहे का हे जाणून घ्यायचे आहे.

---

उत्तर: जुने_पोलाद

तपासणीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट. नळीखालच्या मॅगझिनमधील (काडतुसे साठवणाऱ्या नळीतील) स्प्रिंग गंजलेली असेल, तर काडतुसांना मागे ढकलणारा तुकडा मध्येच अडकतो आणि त्याच्यापुढे एखादे काडतूस दशकानुदशके पडून राहू शकते. लिव्हर उघडून चेंबर (गोळी सुटण्यापूर्वी काडतूस बसते ती जागा) रिकामे दिसले म्हणजे रायफल रिकामी झाली, असे १८७३ बाबत म्हणता येत नाही. चेंबर, मग काडतूस वर उचलणारा पितळी ठोकळा आणि शेवटी मॅगझिनची नळी, अशा तिन्ही जागा पाहाव्यात. मॅगझिनमध्ये अडकलेला तुकडा पुढे-मागे हलतो की नाही, हे पाहिल्याशिवाय पुढचे काहीही करू नये.

आता मुख्य मुद्दा. जुन्या रायफलीचा मुलामा किती टक्के उरला आहे, या आकड्याकडे नवखे लोक फार लक्ष देतात. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्या सगळ्या भागांची झीज एकमेकांशी जुळते का. रायफल हातात धरून चालणारा माणूस तिला तोल सांभाळून रिसीव्हरच्या पुढच्या भागाखाली धरतो, त्यामुळे तेथील मुलामा आधी जातो. खोगिराला लटकवलेल्या चामडी म्यानात ती वर्षानुवर्षे राहिली असेल, तर नळीच्या तोंडाजवळच्या कडा आणि रिसीव्हरच्या बाजू घासल्या जातात. याउलट साइटच्या खाली, नळी आणि मॅगझिन यांच्या सांध्यात, काडतुसे भरायच्या झडपेच्या खोबणीत आणि धूळझाकणाच्या पट्टीलगत रंग टिकून राहतो. आपण साइटच्या आसपास निळी झाक असल्याचे लिहिले आहे, ते या नियमात चपखल बसते. सर्वत्र सारख्याच गडद आणि सारख्याच चकचकीत निळ्या रंगाची जुनी रायफल दिसली, तर मला आधी संशय येतो.

दुसऱ्यांदा मुलामा दिलेली रायफल ओळखण्यासाठी कडा पाहाव्यात. यंत्राने घासताना कोपरे गोलसर होतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगट भाग तयार होतो आणि अक्षरांच्या एका बाजूची कड पुसट होते. गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशीही निळा रंग असेल, तर तो रंग खड्ड्यांनंतर चढवलेला आहे, कारण मूळ मुलामा असलेल्या जागी खड्डा पडतो तो मुलामा खाऊनच. घोडा (चाप दाबल्यावर आपटणारा भाग) आणि लिव्हर हे भाग सर्वसाधारण रायफलीवर केस-हार्डनिंग (पृष्ठभाग भट्टीत कठीण करण्याची क्रिया) केलेले असत, त्यामुळे त्यांच्यावर जाड निळा रंग दिसला तर तोही नंतरचाच समजावा. अक्षरे फिकट असण्याला दोन कारणे असू शकतात. एक म्हणजे ठसा उमटवतानाच तो एका टोकाला उथळ बसलेला असणे, दुसरे म्हणजे घासकाम. पहिल्या कारणात फिकट अक्षरांच्या शेजारची नळीची कड तीक्ष्ण राहते. दुसऱ्यात अक्षरे आणि कड दोन्ही एकत्र बसतात.

भाग बदलले आहेत का, यासाठी पितळी ठोकळ्याच्या खालच्या बाजूवर काडतुसाचा आकडा कोरलेला असतो, तो नळीवरच्या आकड्याशी ताडून पाहावा. १८७३ मॉडेल ४४-४० शिवाय ३८-४० आणि ३२-२० या काडतुसांतही निघाले, आणि पुढे काही रायफली २२ रिमफायरमध्येही बनल्या. त्यामुळे जुन्या नळ्यांची अदलाबदल झालेली रायफल सापडणे अजिबात दुर्मीळ नाही. अनुक्रमांक खालच्या पट्टीवर चापाच्या मागे असतो. त्यावरून निर्मितीचे वर्ष काढता येते. कारखान्याच्या मूळ नोंदी अमेरिकेतील वायोमिंग राज्यात कोडी येथील फायरआर्म्स म्युझियममध्ये आहेत. तेथून मिळणाऱ्या पत्रात नोंद उपलब्ध असल्यास नळीचा आकार, काडतूस आणि रवानगीची तारीख येते. नळी मुळात अष्टकोनी होती की गोल, या वादावर त्या पत्रासारखा दुसरा निवाडा नाही.

लाकडाबद्दल थोडेच सांगतो. कारखान्यातून निघालेल्या रायफलीत लाकूड धातूच्या कडेपेक्षा किंचित वर असते. ते धातूच्या पातळीवर किंवा त्याहून खाली गेले असेल, तर कोणीतरी दस्ता पॉलिश पेपरने घासलेला आहे. आपण सांगितलेली चमक पाहता माझा कल तिकडेच आहे. पट्टीमागची बारीक चीर मात्र या मॉडेलवर नेहमी दिसते. दस्ता तेलाने फुगलेला आणि मऊ झालेला नसेल, तर तिची फार चिंता करू नये.

---

उत्तर: टॉगलचा_दुवा

वरचे सगळे मान्य आहे. मी फक्त यंत्रणेकडे येतो, कारण संग्राहक म्हणून रायफलीची श्रेणी एक आणि चालवण्याची लायकी दुसरी. या दोन गोष्टी एकाच वाक्यात मिसळल्या की गोंधळ होतो. पृष्ठभाग अतिशय सुंदर आणि आतले दुवे पार झिजलेले, अशी १८७३ सहज भेटते. नेमके याच्या उलटही भेटते.

१८७३ ची बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) बंद ठेवण्याचे काम दोन्ही बाजूंच्या जोडदुव्यांकडे असते. गुडघा सरळ केल्यावर पाय ताठ राहतो, तसे लिव्हर बंद झाल्यावर हे दुवे सरळ रेषेत येतात आणि मागचा धक्का पिनांवर घेतात. त्यामुळे पिना, त्यांची भोके आणि दुव्यांची टोके घासली की बोल्ट आणि काडतूस यांच्यात फट वाढते. ४४-४० हे कड असलेले काडतूस आहे, म्हणून ही फट कडेच्या मागे मोजली जाते. घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर चेंबरमध्ये रिकामी, प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) काढलेली केस (काडतुसाचे पितळी कवच) ठेवून लिव्हर पूर्ण बंद करावा आणि बोल्टला बोटाने मागे-पुढे हलवून पाहावे. जाणवेल इतकी हालचाल झाली, तर पुढचे मोजमाप गनस्मिथकडून (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून) गेज (मोजमापाचे साधन) लावूनच करून घ्यावे. झीज दोन्ही बाजूंना सारखी असणेही तितकेच आवश्यक आहे. एकच दुवा बदलला गेला असेल, तर सगळा भार त्या नव्या दुव्यावर पडतो आणि तो जास्त लवकर जातो.

लिव्हर लोंबण्याचे कारण बहुधा खालच्या पट्टीवरची अडकण आहे. ती झिजल्याने किंवा तिची स्प्रिंग सैल झाल्याने असे होते. ही किरकोळ दुरुस्ती असली, तरी चाप दाबण्यापूर्वी लिव्हर पूर्ण वर दाबलेला असावा लागतो. बहुतेक रायफलींत चापामागे एक छोटी अडथळा-पिन असते आणि लिव्हर वर आल्यावरच ती दबते. ती पिन कोणी काढून तर टाकलेली नाही ना, हेही पाहून घ्यावे. लिव्हर थोडा उघडा ठेवून चाप दाबता आला, तर पिन नाही किंवा काम करत नाही, असे समजावे.

घोड्याच्या खाचा तपासण्याची पद्धत सोपी आहे. रिकाम्या रायफलीत घोडा अर्ध्या खाचेवर (अर्धवट मागे ओढून) आणून अंगठ्याने पुढे दाबावा, आणि नंतर पूर्ण खाचेवर (पूर्ण मागे ओढून) आणून तसेच करावे. दोन्ही वेळा तो जागचा हलता कामा नये. पूर्ण खाचेवरून दाबाने सुटला, तर खाच झिजली आहे किंवा चाप हलका व्हावा म्हणून कोणी कानस चालवली आहे. हे करताना घोडा नेहमी अंगठ्याने सावकाश खाली आणावा. रिकाम्या चेंबरवर चाप ओढत बसू नये, कारण जुनी फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी पिन) तुटल्यास तिच्याजागी अस्सल पिन मिळणे कठीण असते.

बाजूच्या पत्र्याच्या फाटलेल्या स्क्रूविषयी. तो काढावासा वाटला, तर आधी खाचेच्या जाडीला बरोबर बसणारा, सरळ बाजूंचा स्क्रूड्रायव्हर मिळवावा. निमुळता स्क्रूड्रायव्हर खाचेच्या वरच्या कडेवर चढतो आणि तिथेच स्क्रूचे नुकसान होते. स्क्रू पूर्ण न काढता थोडा सैल करून त्याच्या डोक्यावर हलका ठोका दिला की समोरचा पत्रा आपोआप बाहेर येतो. पत्र्याच्या कडेखाली काहीही घालून उचकटू नये. एखाद्याने तसे केले असेल, तर त्याची खूण पत्र्याच्या कडेवर राहते, आणि मी विकत घेण्यापूर्वी ती खूण आवर्जून शोधतो. पत्रा निघाला की दोन्ही दुवे उघड्यावर येतात आणि बरेच काही नुसत्या डोळ्यांनी कळते.

तुलनेसाठी सांगतो, शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या १८८६ आणि १८९२ या मॉडेलांत बोल्टच्या दोन बाजूंना उभ्या कुलपासारखे जाड ठोकळे असतात. तेथे वरचा निकष जसाच्या तसा लावू नये. त्या अधिक दाब सहन करतात आणि १८७३ करत नाही, हे गोळी निवडतानाही लक्षात ठेवावे लागते.

---

नवा_संग्राहक

आपल्या सूचनांप्रमाणे तपासले. मॅगझिन रिकामे आहे आणि मागे ढकलणारा तुकडा सहज हलतो. पितळी ठोकळ्याखाली ४४ हा आकडा आहे, नळीवरही तोच. रिसीव्हरच्या कडा तीक्ष्ण आहेत. नळीच्या तोंडाकडचे कोपरे मात्र थोडे बसलेले आहेत. फिकट अक्षरांच्या शेजारची कड तीक्ष्णच आहे. दस्त्याचे लाकूड वरच्या पट्टीपेक्षा खाली गेलेले आहे, म्हणजे पॉलिश पेपरबाबतचा अंदाज खरा ठरला. उजव्या पत्र्याच्या कडेवर उचकटल्याची खूण आहे. घोडा अर्ध्या खाचेवर पक्का बसतो, पण पूर्ण खाचेवर अंगठ्याने जरा जोर लावला की सुटतो. रिकाम्या केससह बोल्टमध्ये अगदी थोडी हालचाल जाणवते.

याचा एकत्रित अर्थ काय लावावा? आणि नळीच्या आतील काळेपणाचे काय?

---

उत्तर: नळीत_पाहणारा

नळीविषयी मी लिहितो, बाकी मंडळी बाकीचे सांगतील.

काळ्या नळीवरून घाईने निष्कर्ष काढू नये. या रायफली काळ्या दारूसाठी (जुन्या प्रकारच्या बंदुकीच्या दारूसाठी) बनवलेल्या होत्या. ४४-४० या नावातील ४० हा आकडा मूळ भारात असलेल्या ४० ग्रेन (वजनाचे छोटे माप) काळ्या दारूचा आहे. काळ्या दारूचा मळ ओलावा शोषतो. जुन्या प्रायमरमधील पोटॅशियम क्लोरेटच्या ज्वलनातून मागे राहणारा क्षारही तेच करतो, आणि तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून त्या काळी गरम पाण्याने नळी धुणे आवश्यक होते, आणि ज्यांनी फक्त तेलाच्या चिंधीवर भागवले त्यांच्या नळ्या खड्ड्यांनी भरल्या. मात्र आपल्याला दिसतो तो काळेपणा मळ आहे की खड्डे, हे साफ केल्यावरच कळेल. भेदक तेल लावून एक-दोन दिवस तसेच ठेवावे, मग कांस्य तारांचा ब्रश आणि कापडी चिंध्या. चिंध्या तपकिरी येत असतील तर गंज आहे, काळ्या येत असतील तर मळ. कापड पांढरे निघू लागले की पुन्हा उजेडाकडे पाहावे. बऱ्याच नळ्यांत खड्डे असूनही आट्यांच्या उंच कडा टिकलेल्या असतात आणि त्या आश्चर्य वाटावे इतक्या नेमक्या गोळी फेकतात.

या मॉडेलमध्ये बोल्ट न काढता मागून दांडा घालता येत नाही, त्यामुळे पिढ्यानपिढ्या लोकांनी नळी तोंडाकडून साफ केली. पोलादी दांडा रोज एकाच कडेला घासत गेल्याने तोंडाजवळचे आटे गुळगुळीत होतात, आणि नळीच्या मधल्या भागातले आटे उत्तम असूनही नेम जातो. आपणही तोंडातूनच साफ करणार असाल, तर दांड्याभोवती पितळी किंवा प्लास्टिकची मार्गदर्शक नळी बसवावी. एक गोळी टोकाकडून नळीच्या तोंडात घालून पाहावी. ती जितकी खोल जाईल तितकी तेथे झीज जास्त. नळीतून पाहताना कोठे काळसर वलय दिसले, तर तेथे नळी फुगलेली असू शकते. बाहेरून अष्टकोनाच्या बाजूंवर बोट फिरवून त्याची खात्री करता येते. फुगवटा असलेल्या नळीतून गोळी चालवू नये.

चालवण्याचा विचार पुढे कधी आलाच, तर आधी शुद्ध शिशाची गोळी नळीतून हळूच ढकलून काढावी आणि तिचा व्यास मायक्रोमीटरने मोजावा, कारण जुन्या ४४-४० नळ्यांचे व्यास एकसारखे नसतात. भार मूळ काळ्या दारूच्याच दाबाचा ठेवावा. १८९२ मॉडेलसाठी पुढे जास्त दाबाची काडतुसे निघाली होती. ती १८७३ मध्ये बसतात, पण तिच्यासाठी ती नाहीत.

---

उत्तर: जुने_पोलाद

आपल्या नोंदींतून चित्र बरेच स्पष्ट होते. तीक्ष्ण कडा, साइटलगतचा जुना रंग, एकमेकांशी जुळणारे आकडे आणि म्यानात घासल्यासारखे दिसणारे नळीचे टोक या सगळ्या गोष्टी एकमेकींना दुजोरा देतात. धातूचे काम मूळचे आहे आणि दुसऱ्यांदा मुलामा दिलेला नाही, असे मी लिहून देईन. अक्षरांचा फिकटपणा ठशाचाच असावा. हात लागला आहे तो तीन ठिकाणी: दस्ता, बाजूचा पत्रा आणि घोड्याची खाच किंवा चाप. पहिले दोन दिसण्याचे दोष आहेत. तिसरा मात्र सुरक्षेचा आहे. पूर्ण खाचेवरून दाबाने सुटणारा घोडा दुरुस्त होईपर्यंत या रायफलीत काडतूस घालू नये, मग ती कितीही देखणी असो. दुरुस्ती करताना मूळ घोडा आणि चाप फेकू नयेत, वेगळे ठेवावेत.

श्रेणीबाबत बोलायचे तर अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पुराण-शस्त्रांसाठीची तालिका बहुतेक लोक वापरतात. तिच्यात 'एक्सलंट' साठी ८० टक्क्यांहून अधिक मूळ मुलामा लागतो, 'फाइन' साठी ३० टक्क्यांहून अधिक. 'व्हेरी गुड' मध्ये मुलामा अजिबात नसला तरी चालतो, पण सगळे भाग मूळचे, धातू गुळगुळीत आणि कडा तीक्ष्ण असाव्या लागतात. आधुनिक बंदुकांच्या तालिकेत हेच शब्द वेगळ्या अर्थाने येतात आणि तेथून भांडणे सुरू होतात. धूळझाकण नसणे आणि दस्ता घासलेला असणे या दोन गोष्टींमुळे आपली रायफल 'व्हेरी गुड' मध्ये बसत नाही. मी ती 'गुड' म्हणेन, आणि धातूची अवस्था त्या श्रेणीच्या वरच्या टोकाची आहे असे स्वतंत्रपणे नमूद करेन.

स्वच्छतेबाबत एकच आग्रह: तपकिरी थर घालवू नका. बोटाला लाल भुकटी लागत असेल तर तो जिवंत गंज आहे, तो तेल आणि मऊ तांब्याच्या किंवा कांस्याच्या कडेने हळूहळू काढावा. बोटाला काही लागत नसेल, तर तो स्थिर थर आहे आणि त्यालाच संग्राहक शोधतात. त्यावर सूक्ष्म-स्फटिकी मेणाचा पातळ हात पुरेसा आहे.

---

उत्तर: टॉगलचा_दुवा

श्रेणीला माझी सहमती आहे, धूळझाकणाबाबत मात्र एक भर. नव्या बनावटीचे झाकण बसवायचे असेल, तर आधी पट्टीचा प्रकार पाहावा. सुरुवातीच्या रायफलींत झाकण दोन्ही बाजूंच्या खोबणींत सरकत असे, मधल्या काळात ते स्क्रूने जोडलेल्या मधल्या पट्टीवर सरके आणि शेवटच्या प्रकारात ही पट्टी रिसीव्हरचाच अखंड भाग होती. एका प्रकारचे झाकण दुसऱ्याला बसेलच असे नाही. एकासाठी दुसरे घासून बसवणे म्हणजे रायफलीत आणखी एक दोष निर्माण करणे. नवे झाकण लावलेच, तर वर्णनात तसे स्पष्ट लिहावे.

आणि बोल्टची ती थोडी हालचाल. ती पत्रा न उघडता पुढे नेऊ नका. घोड्याच्या खाचेसाठी गनस्मिथकडे जाणारच आहात, तेव्हा त्यालाच दुवे आणि पिना उघडून पाहायला सांगा आणि कडेमागची फट गेजने मोजून आकडा लेखी घ्या. तो आकडा कारखान्याच्या पत्राबरोबर ठेवला, तर पुढे रायफल कोणाच्याही हाती गेली तरी त्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.